एकालाच ठेवायचे!

२०१७ मध्ये प्रो कबड्डीत आठांचे बारा संघ झाले. जुन्या संघांना लिलावाआधी एकच खेळाडू राखता येणार होता. दबंग दिल्लीपुढे खरा पेच होता तो चढाईपटूंचा: इराणचा मिराज शेख, की कासेगावचा काशिलिंग आडके? २०१५ च्या हंगामात चढाईचे सर्वाधिक गुण काशिलिंगचेच. तरी दिल्लीने मिराजला ठेवले. काशिलिंग लिलावात गेला आणि यू मुंबाने ४८ लाख मोजले. त्याच लिलावात यूपी योद्धाने नितीन तोमरसाठी ९३ लाख ओतले. त्या मानाने मुंबईचा सौदा आम्हाला तरी स्वस्तच वाटतो.