मिसळणाच्या डब्यात किती देश?

घरातला मिसळणाचा डबा पुढे घ्या. झाकण उघडा. आत काय काय आहे? हळद आहे. तिखट आहे. जिरे आहे, मोहरी आहे. शेजारी हिंगाची डबी आहे. सणावाराचा डबा वेगळा. त्यात लवंग, दालचिनी, वेलदोडा, मिरी, खसखस.

आता सांगा, ह्यातले कोणते जिन्नस आपल्या देशात पिकतात? आणि कोणते बाहेरून येतात?

आम्ही हा प्रश्न एका गावी विचारला. चैत्राचे दिवस होते. डंकावर वर्षाचे तिखट कुटून घ्यायला बायांची रांग लागली होती. ठसक्याने सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आले होते. एक आजी म्हणाल्या, "अहो, बाहेरनं कशाला येईल? मसाला तर आपलाच. गोरे लोक मसाल्यासाठीच इथं आले ना?"

आजींचे म्हणणे निम्मे खरे होते. पण निम्मेच.

गोरे लोक मसाल्यासाठी आले, हे खरे. १४९८ साली वास्को द गामा हा पोर्तुगीज दर्यावर्दी केरळात कालिकतच्या किनाऱ्याला लागला. त्याला हवी होती मिरी. त्या काळी युरोपात मिरीला फार भाव होता. ती मलबारच्या डोंगरात वेलांवर लागत होती. अरब व्यापारी ती घेऊन जात. पोर्तुगिजांना तो व्यापार आपल्या हाती हवा होता.

पण ह्याच पोर्तुगिजांनी आपल्याकडे एक जिन्नस आणला. कोणता? मिरची! होय, मिरची मूळची आपली नाही. ती अमेरिका खंडातली. पाचशे वर्षांपूर्वी ती इथे कोणी पाहिलीही नव्हती. त्याआधी आपल्या आमटीला तिखटपणा मिरीचा आणि आल्याचा. आजींना हे काही पटले नाही. "मग ठेचा कशाचा करत होते?" असे त्यांनी आम्हांला विचारले. ह्याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

आता गंमत पाहा. जी मिरची बाहेरून आली, तीच आज आपण जगाला सर्वांत जास्त विकतो. आणि जी मिरी आपली, ती आपण बाहेरूनही विकत आणतो.

आपल्या देशाचा माल परदेशी विकायला जातो, त्याला निर्यात म्हणतात. परदेशचा माल आपल्याकडे येतो, त्याला आयात म्हणतात. मसाल्याच्या निर्यातीत आपला देश जगात पहिला आहे. २०२३-२४ ह्या एका वर्षात आपण सुमारे १५ लाख टन मसाला बाहेर पाठवला. एका मालमोटारीत दहा टन माल धरला, तर दीड लाख मालमोटारी झाल्या. त्याचे सुमारे ३७ हजार कोटी रुपये आले. त्यांतला तिसरा हिस्सा एकट्या मिरचीचा. तिच्यामागे जिरे. मग हळद आहे, वेलदोडा आहे, आणि मसाल्यांतून काढलेले तेल आणि अर्कही आहेत. अर्काचे कारखाने केरळात पुष्कळ आहेत. पोतीच्या पोती मिरची आत जाते आणि थोडासा दाट लाल रस बाहेर येतो. परदेशातले कारखानदार तो खाण्याच्या पदार्थांत रंगासाठी, तिखटपणासाठी घालतात.

आपली मिरची कोण घेतो? सर्वांत मोठे गिऱ्हाईक चीन. आंध्र-तेलंगणाकडे 'तेजा' नावाची बारीक, झणझणीत मिरची होते. ती तिकडे फार जाते. आंध्रातले गुंटूर हे मिरचीचे मोठे पेठेचे गाव. आपल्या महाराष्ट्रात नंदुरबारचा बाजार मोठा. हळदीसाठी सांगली आणि हिंगोली जिल्ह्यातले वसमत प्रसिद्ध आहे. जगातली निम्म्याहून जास्त हळद एकट्या आपल्या देशात पिकते. बांगलादेश, अरबांचे देश, अमेरिका, मलेशिया ती घेतात.

तुम्ही म्हणाल, माल जाईना का चीनला, आमचे काय? आमचे पोते तर तालुक्याच्या अडत्याकडे जाते.

पण अडत्या भाव कशावरून सांगतो? वरचा व्यापारी काय देतो, त्यावरून. वरचा व्यापारी पाहतो, बंदरातून माल किती चालला आहे. म्हणजे तुमच्या पोत्याचा भाव थोडा गावात ठरतो आणि थोडा समुद्रापार ठरतो.

जिऱ्याचे उदाहरण घ्या. जिरे गुजरात-राजस्थानात होते. गुजरातेतले उंझा हा त्याचा मोठा बाजार. आपल्याखेरीज सीरिया, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ह्या देशांतही जिरे पिकते. सीरियात अनेक वर्षे लढाई चालली. तिकडचा माल रोडावला. इकडे आपला पेरा कमी झाला होता, हवामानानेही दगा दिला. २०२३ च्या पावसाळ्यात जिरे क्विंटलला पन्नास हजार रुपयांच्या पलीकडे गेले. दोन वर्षांपूर्वीच्या दुपटीहून जास्त! फोडणीत जिरे टाकताना बायका चिमूट आखडती घेऊ लागल्या.

शेतकऱ्यांनी भाव पाहिला. पुढच्या हंगामात गुजरातेत जिऱ्याचा पेरा जवळजवळ दुप्पट झाला. माल बाजारात आला, आणि भाव निम्म्यावर उतरला. ज्याने गेल्या सालचा भाव पाहून पेरले, त्याच्या हाती ह्या सालचा भाव पडला.

मिरचीचेही तसेच झाले. २०२३ साली गुंटूरला चांगल्या मिरचीला क्विंटलमागे वीस हजारांच्या वर मिळत होते. २०२५ च्या आरंभी तोच भाव अकरा-बारा हजारांवर आला. शीतगृहांत आदल्या सालचा माल पडून होता. परदेशी गिऱ्हाईकही थंड होते. शेतकरी रस्त्यावर आले. तेव्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारला आंध्रातल्या मिरचीसाठी योजना काढावी लागली. तिच्यात क्विंटलला ११,७८१ रुपये भाव धरला होता. मिरचीला खर्च किती लागतो, ते ज्याने तोडणीची मजुरी दिली आहे त्याला विचारा.

आता बाहेरून येणाऱ्या मालाकडे वळू.

आधी हिंग. रोजच्या वरणाला हिंग लागतो. पण वर्षानुवर्षे आपल्या देशात खाण्याच्या हिंगाचे एक झाडही कोणी लावत नव्हते. दर वर्षी सुमारे बाराशे टन कच्चा हिंग अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तान ह्या देशांतून येतो. हे झाड गाजर-कोथिंबिरीच्या कुळातले. ते थंड आणि कोरड्या मुलखात वाढते. त्याच्या मुळाला चीर पाडली की दुधासारखा चीक येतो. तो वाळला म्हणजे हिंग. तो इतका उग्र असतो की तसाच खाता येत नाही. म्हणून त्यात पीठ आणि डिंक मिसळतात. उत्तर प्रदेशातल्या हाथरस गावी हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये हिमाचल प्रदेशात लाहौलच्या खोऱ्यात, क्वारिंग गावी, शास्त्रज्ञांनी हिंगाचे रोप लावले. चीक निघायला पाच वर्षे तरी लागतात. तेव्हा फोडणीपुरता घरचा हिंग मिळायला अजून वेळ आहे.

लवंग मादागास्कर, टांझानिया, इंडोनेशिया, श्रीलंका ह्या देशांतून येते. आपल्याकडे कन्याकुमारीच्या बाजूला थोडी होते, पण ती पुरत नाही. ह्या लवंगेची एक जुनी गोष्ट आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्याला झांजिबार नावाचे बेट आहे. ते आता टांझानियात मोडते. तिथे इंग्रजांचा अंमल होता आणि लवंगेचा व्यापार बराचसा हिंदी लोकांच्या हाती होता. १९३७ साली तिथल्या सरकारने कायदा केला आणि सगळी खरेदी एका संघाकडे दिली. आपले व्यापारी बुडण्याची वेळ आली. तेव्हा काँग्रेसने हाक दिली, झांजिबारची लवंग घेऊ नका. मुंबईच्या बाजारात ह्यासाठी निदर्शने झाली. हिंदुस्थान हे मोठे गिऱ्हाईक. तेच थांबल्यावर तिथल्या सरकारला बोलणी करावी लागली, आणि १९३८ साली तडजोड झाली. त्या वेळी आपल्यावर राज्य इंग्रजांचेच होते, हे ध्यानात घ्या. तरीही विकत घेणाऱ्याचा हात एवढा जड ठरला.

दालचिनी म्हणून आपण जी जाड साल घेतो, ती पुष्कळशी व्हिएतनाम आणि चीनकडून येते. पातळ, गोडसर वासाची खरी दालचिनी श्रीलंकेची. खसखस आपल्याकडे मध्य प्रदेश-राजस्थानात सरकारी परवान्याने होते. त्याच बोंडातून अफू निघते, म्हणून परवाना. ती पुरत नाही. उरलेली तुर्कस्तानातून येते.

आणि मिरी? चाळीस वर्षांपूर्वी व्हिएतनामच्या मिरीला बाजारात कोणी ओळखत नव्हते. आज तो देश मिरीत जगात पहिला आहे. त्यांचे एकरी उत्पन्न आपल्या कित्येक पट आहे. म्हणून त्यांना स्वस्त विकणे परवडते. ही मिरी आपल्याकडे येते. काही अर्क काढून परत बाहेर पाठवण्यासाठी येते, त्याचे काही वाटत नाही. पण काही इथल्याच बाजारात विकली जाते, आणि केरळ-कर्नाटकातल्या मिरीचा भाव पडतो. श्रीलंकेशी आपला कमी जकातीचा करार आहे. त्या वाटेने व्हिएतनामची मिरी शिरते, अशी बागाईतदारांची ओरड झाली. डिसेंबर २०१७ मध्ये सरकारने ठरवले, किलोला ५०० रुपयांहून कमी किमतीची मिरी आत येऊ द्यायची नाही. ह्याने बागाईतदाराला आधार मिळतो. पण मिरी विकत घेणाऱ्या गरिबाला महाग पडते, तेही खरे आहे. दोघांनाही एकदम बरे वाटेल असा नियम करणे सोपे नसते.

आता सर्वांत महत्त्वाचे. माल परत कसा येतो, ते ऐका.

बाहेरचा देश माल उतरवून घेण्याआधी तपासतो. दोष निघाला, तर माल परत पाठवतो किंवा नष्ट करतो.

२००५ च्या फेब्रुवारीत विलायतेत मोठा गोंधळ उडाला. हिंदुस्थानातून गेलेल्या मिरचीपुडीत 'सुदान' नावाचा लाल रंग सापडला. हा रंग बुटाच्या पॉलिशमध्ये, मेणात घालतात. तो खाण्याचा नव्हे. त्याने कर्करोगाचा धोका असतो. ती पूड एका चटणीत पडली होती. ती चटणी पुढे अनेक कारखान्यांच्या तयार पदार्थांत पडली होती. चारशेंहून अधिक पदार्थ दुकानांतून परत काढावे लागले. तिखट जरा लाल दिसावे म्हणून कोणा एकाने रंग घातला असेल. नाव मात्र साऱ्या देशाच्या मिरचीचे खराब झाले.

२०२४ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँग आणि सिंगापूर येथे आपल्याकडचे काही तयार मसाले अडवले. जंतू मारायला वापरतात त्या इथिलीन ऑक्साइड वायूचा अंश त्यांत सापडला, असे तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितले. मसाल्याच्या व्यवहारासाठी आपल्या सरकारचे मसाला मंडळ आहे. त्याची कचेरी कोचीला आहे. त्या मंडळाने पुढच्याच महिन्यात ह्या दोन ठिकाणी जाणारा माल आधी तपासण्याची सक्ती केली. जंतू वाफेनेही मरतात. वाफेचे यंत्र महाग असते, एवढेच.

ह्या झाल्या कारखान्यातल्या गोष्टी. पण एक दोष आपल्याच खळ्यात तयार होतो. तो म्हणजे बुरशी. भुईमुगाच्या शेंगा ओल्या राहिल्या की त्यांवर हिरवट बुरशी येते, ती तुम्ही पाहिली असेल. तशीच मिरचीवर येते. ती एक विष सोडते. त्याचे नाव अफ्लाटॉक्सिन. ते यकृताला बाधते. शिजवल्याने जात नाही. डोळ्यांना दिसत नाही. युरोपातल्या देशांचा नियम फार कडक आहे. शंभर टन मिरचीत हे विष एक ग्रॅमहून जास्त चालत नाही. दहा मालमोटारी मिरची आणि एक ग्रॅम विष! चांगल्या ढिगात दोन-चार खराब पोती मिसळली, तर सगळा ढीग जातो.

आणि परत आलेला माल जातो कुठे? तो बाजारात स्वस्तात विकला गेला, तर आपल्याच डब्यात येईल. बाहेरच्या माणसाला चालत नाही, ते विष आपल्या पोरांना कसे चालेल?

नंदुरबारला मिरची वाळवायच्या मोकळ्या जागांना पथारी म्हणतात. गावाबाहेर लांबवर लाल पथाऱ्या पसरलेल्या असतात. वर आभाळ, खाली जमीन. अवकाळी पाऊस आला की सगळा माल भिजतो. तिथे हे अनेकदा झाले आहे. गोळा करायला मजूर धावतात, पण एवढी मिरची उचलणार किती?

मातीवर मिरची टाकली की खालची ओल तिला लागते. म्हणून खाली ताडपत्री घालावी किंवा पक्के खळे करावे. रोज मिरची खालीवर करावी. संध्याकाळी ढीग करून झाकावा, म्हणजे दव लागत नाही. फुटकी, डागाळलेली, पांढरी पडलेली मिरची वेगळी काढावी. वजन वाढावे म्हणून पोत्यावर पाणी मारतात, ते तर मुळीच करू नये. पाण्याचे दोन किलो मिळतात आणि पोत्यात बुरशी वाढते.

मिरची वाळली की नाही, हे कसे ओळखावे? आजींनीच आम्हांला दाखवले. त्यांनी पोत्यातली एक मिरची घेतली आणि कानाशी धरून हलवली. आत बी खुळखुळले. दुसरी हलवली, ती मुकी होती. ती त्यांनी बाजूला टाकली आणि पोते परत उन्हात पसरायला सुनेच्या हाती दिले. रांगेतला त्यांचा नंबर गेला.