तांबटाची टुकटुक आणि पंधरा मिनिटांची यादी

ज्यांना प्रवासात ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून टाकतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे ना, म्हणजे ना" तेवढे काढलेत.

सुरुवात एका आवाजापासून करतो.

दोन वर्षांपूर्वीचा मार्च महिना. मी बाणेरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये, वर्क फ्रॉम होम, त्यात ऑन-कॉलचा आठवडा. रात्री तीनला अलर्ट, सकाळी दहाला स्टँडअप. आणि खिडकीबाहेर दिवसभर एकच आवाज. टुक, टुक, टुक, टुक. मला वाटलं शेजारच्या साइटवर कोणीतरी पाइप ठोकतंय. रविवारी साइट बंद होती, तरी टुकटुक चालूच. शेवटी वैतागून शेजारच्या काकांना विचारलं, "काका, हे काम कधी संपणार आहे?"

काका आधी माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. "अरे, तो तांबट आहे. पक्षी! तो बघ, पिंपळाच्या शेंड्यावर."

चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवागार, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका, डोळ्याभोवती पिवळा रंग. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा आवाज, म्हणून नाव तांबट. कसब्यातली तांबट आळी मला माहीत होती, पण त्याच नावाचा पक्षी माझ्या खिडकीसमोर राहतो हे माहीत नव्हतं. तीन वर्षं त्या घरात राहून!

त्या दिवशी मी फोटो काढला, स्टेटसला टाकला. अकरा जणांनी बघितला, एकाने विचारलं, "पोपट आहे का?" चोवीस तासांनी फोटो गायब. माझा आनंदही त्याच्याबरोबरच गेला.

आजचा भाग याबद्दल आहे. रोजचा छोटासा आनंद ऑनलाइन शेअर करायचा तर तो कुठे, कसा करायचा, म्हणजे तो चोवीस तासांत वाया जाणार नाही? मी उदाहरण घेतोय पक्ष्यांचं, कारण मला तेवढंच नीट येतं.

काकांनी दिलेला गृहपाठ

काकांनी मला ई-बर्ड नावाचं अ‍ॅप डाउनलोड करायला लावलं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने ऑडुबॉन सोसायटीबरोबर २००२ मध्ये हे सुरू केलं. अ‍ॅप फुकट आहे. जगभरातले लोक आपण बघितलेले पक्षी त्यात नोंदवतात. भारतात बर्ड काउंट इंडिया हा गट त्याचं काम बघतो.

वापर सोपा आहे. बाल्कनीत उभं राहायचं, यादी सुरू करायची. तारीख, वेळ आणि जागा अ‍ॅप स्वतःच घेतं. पंधरा मिनिटं जे दिसेल, ऐकू येईल ते टाकायचं: पारवे १२, साळुंक्या ४, बुलबुल २, घार १, तांबट १, तोही फक्त ऐकलेला. संपलं की सबमिट.

सबमिट करताना अ‍ॅप एक प्रश्न विचारतं: तुम्हाला ओळखता आले ते सगळे पक्षी तुम्ही नोंदवलेत का? हो की नाही?

पहिल्या आठवड्यात मी बिनधास्त "हो" दाबत होतो आणि पारवे मात्र टाकत नव्हतो. पारवे कोण मोजतंय, सगळीकडेच आहेत की! काकांनी यादी बघितली आणि म्हणाले, "तुझ्या बाल्कनीत एकही पारवा नाही? पुण्यात? मग तू पेपरात मुलाखतच दे."

पारवे का मोजायचे?

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. जे सॉफ्टवेअरमध्ये आहेत त्यांना हे लगेच कळेल, बाकीच्यांनी एक मिनिट धीर धरा.

समजा तुम्ही सर्व्हरवर फक्त एररचे लॉग ठेवलेत. आज ५० एरर आल्या. हे वाईट आहे का? सांगताच येणार नाही. एकूण रिक्वेस्ट १०० होत्या की दहा लाख, यावर ते ठरणार. बरोबर चाललेल्या गोष्टींची मोजणी नसेल तर चुकलेल्या गोष्टींचं प्रमाण काढता येत नाही.

पक्ष्यांचंही तसंच. सगळ्यांनी फक्त "वॉव" पक्षी टाकले तर साधे पक्षी डेटामध्ये दिसणारच नाहीत, आणि मग ते कमी झाले तरी कोणाला कळणार नाही. उलट यादी पूर्ण असेल तर तिच्यात जे नाही त्यालाही अर्थ येतो. माझ्या पंधरा मिनिटांच्या पूर्ण यादीत चिमणी नाही, म्हणजे मी बघत होतो, मला चिमणी ओळखता येते, आणि ती दिसली नाही. अशा हजारो याद्या एकत्र केल्या की शंभर याद्यांपैकी किती याद्यांत चिमणी आली हे काढता येतं. हा आकडा वर्षागणिक वाढतोय की घटतोय ते बघायचं. सगळ्या गणिताचा पाया एवढाच.

तेव्हापासून मी पारवे मोजतो. कंटाळा येतो, पण मोजतो.

चूक पकडणारं कोणीतरी असतं

आता तुम्ही म्हणाल, कोणीही उठून काहीही टाकलं तर? मोर शंभर, गरुड पन्नास?

प्रत्येक भागासाठी आणि महिन्यासाठी एक फिल्टर असतो. कुठला पक्षी कधी, साधारण किती दिसू शकतो, हे त्यात भरलेलं असतं. त्याच्या बाहेरचं काही टाकलं की अ‍ॅप जास्तीची माहिती मागतं, आणि मग त्या भागातले जाणकार स्वयंसेवक ती नोंद तपासतात.

माझी नोंद पकडली गेली त्याच वर्षी जूनमध्ये. मुळेच्या काठी शेपटी वरखाली करत पळणारा काळा-पांढरा पक्षी दिसला. मी ठोकून दिलं: पांढरा धोबी. अ‍ॅपने खूण केली. चार दिवसांनी एका अनोळखी माणसाचा ईमेल आला. अगदी नम्र. तपशील देता येईल का, फोटो आहे का, डोकं काळं होतं की चेहरा पांढरा?

खरं सांगतो, आधी राग आला. ऑफिसमध्ये कोड रिव्ह्यू, आता इथेही? मग फोटो मोठा करून बघितला. डोकं पूर्ण काळं आणि डोळ्यावर पांढरी भुवई. पांढरा धोबी आपल्याकडे हिवाळ्यात येणारा पाहुणा आहे, जूनमध्ये तो इथे नसतो. मी बघितला होता तो पांढऱ्या भुवईचा धोबी, वर्षभर इथेच राहणारा. यादी दुरुस्त केली, त्यांना आभार लिहिले. त्यांचं उत्तर आलं: "हा फरक आता तुम्ही कधी विसरणार नाही." आणि खरंच, नाही विसरलो.

विचार करा. कोणीतरी अनोळखी माणूस पगार न घेता माझा फोटो नीट बघतो आणि मला शिकवतो. अकरा लाइक्सनी मला हे कधी दिलं नव्हतं.

याचं पुढे होतं काय?

२०२३ च्या ऑगस्टमध्ये "स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स" नावाचा अहवाल आला. सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवरून ९४२ जातींचा आढावा त्यात आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यातल्या ६० टक्के जाती कमी झाल्यात. १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं असं अहवाल सांगतो.

आणि चिमणी? "चिमण्या संपल्या" असं आपण सगळेच म्हणतो. याच मालिकेतल्या २०२० च्या अहवालात दिसलं की देशभरात चिमणी एकंदरीत टिकून आहे, घट झाली आहे ती मोठ्या शहरांत. हे कळलं कारण खेड्यापाड्यांतल्या लोकांनीही "आमच्याकडे आहे बुवा" हे नोंदवलं होतं. कोणाच्या तरी अंगणातली साधी चिमणी.

माझ्या हातून झालेली चूक

हा भाग मला टाळायचा होता. पण टाळला तर बाकीचं सगळं खोटं ठरेल.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या सोसायटीमागच्या जुन्या आंब्याच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी दिसली. छोटं घुबड, गोल पिवळे डोळे, मान हलवून आपल्याकडेच बघतंय. इतका भारी फोटो मला आयुष्यात मिळाला नव्हता. मी तो एका मोठ्या फोटो ग्रुपवर टाकला, लोकेशनसकट. "घरट्यात पिल्लं आहेत बहुतेक," असंही लिहिलं. लाइक्सचा पाऊस!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाडाखाली सहा जण. तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. कोणी ढोलीत टॉर्च मारतंय, कोणी मोबाइलवर पिंगळ्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावतंय. चौकीदाराने हाकललं, ते पुन्हा आले. आठवड्याने ढोली रिकामी होती. पिल्लांचं काय झालं, मला आजही माहीत नाही.

काकांनी मला एका शब्दाने सुनावलं नाही. फक्त खाली येणं बंद केलं, चार-पाच दिवस. ते जास्त लागलं.

घुबडांच्या बाबतीत धोका फोटोवाल्यांपुरता नाही. अंधश्रद्धेपायी, जादूटोण्यासाठी घुबडं पकडली आणि विकली जातात, विशेषतः दिवाळीच्या आसपास. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते गुन्हा आहे, तरीही हे चालतं. म्हणजे घुबडाचा पत्ता जगाला सांगणं किती महागात पडू शकतं बघा. म्हणूनच ई-बर्डवर काही संवेदनशील जातींची नेमकी जागा सर्वांना दाखवत नाहीत. पण प्रत्येक जात त्या यादीत नसते, आणि फोटो ग्रुपवर तर असा कुठलाच फिल्टर नसतो. तिथे फिल्टर आपणच.

त्यानंतर मी स्वतःला काही नियम घालून घेतलेत:

- घरटं किंवा पिल्लं असतील तर फोटो नाही, जागा तर नाहीच.
- घुबडाची जागा कोणालाही नाही. मित्राने विचारलं तरी नाही.
- फोटोत जिओटॅग असतो, तो काढून मगच टाकायचा.
- पक्ष्याला बोलावण्यासाठी आवाज वाजवायचा नाही.
- पोस्ट करण्याआधी एकच प्रश्न: हे वाचून उद्या इथे वीस लोक आले तर चालेल का?

हा शेवटचा प्रश्न पक्ष्यांपुरता नाही. गावाबाहेरचा शांत धबधबा, आवडीची छोटीशी खानावळ, सगळ्याला लावून बघा.

आईची यादी

आता जरा गोड गोष्ट. माझे आईबाबा कराडजवळ गावी असतात. आमचे फोन ठरलेले. "जेवलास का?" "हो." "काम?" "चालू आहे." "बरं, ठेवते." पंचेचाळीस सेकंद.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा सकाळी ओट्यावर बसून यादी करत होतो. आई बाजूला येऊन बसली. "काय लिहितोस?" सांगितलं. ती म्हणाली, "मग तो वेडा राघू लिहिलास का? तारेवर बसलाय तो. आणि मागे भारद्वाज ओरडतोय." मी दोन वर्षं शिकून जे ओळखत होतो, ते ती भाजी निवडत, मान वर न करता सांगत होती. पावशा ओरडला की पेरणीची घाई, हे तिला तिच्या आईने सांगितलेलं.

आता तिच्या फोनमध्ये ई-बर्ड आहे. टायपिंग जमत नाही म्हणून ती मला व्हॉइस नोट पाठवते, वेळ आणि आकड्यांसकट, आणि मी तिच्या खात्यावर यादी भरतो. आमचे फोन आता वीस-वीस मिनिटं चालतात. "आज हळद्या आला होता रे, आंब्यावर. तुझ्याकडे काय?" माझ्याकडे बहुतेक पारवेच असतात. तरी सांगतो.

तुम्ही काय करू शकता?

येत्या रविवारी पंधरा मिनिटं. खिडकी, गच्ची, कुठेही. ओळखता येतील तेवढेच पक्षी टाका, सुरुवातीला पाच आले तरी भरपूर. आवाज ओळखायला मर्लिन हे अ‍ॅप मदत करतं. ते आवाजाचं चित्र बनवतं आणि शिकलेल्या नमुन्यांशी जुळवून बघतं. पण ते फक्त अंदाज सांगतं. स्वतः बघून किंवा ऐकून खात्री झाल्याशिवाय यादीत टाकू नका, नाहीतर तुम्हालाही तो नम्र ईमेल येईल.

दर फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो. १९९८ मध्ये उत्तर अमेरिकेत सुरू झाला, २०१३ पासून जगभर होतो, आणि भारतातून भरपूर लोक भाग घेतात. पहिली यादी करायला तो छान मुहूर्त.

पक्ष्यांत रस नसेल तर आय-नॅचरलिस्ट बघा. झाड, फुलपाखरू, कोळी, बुरशी, कशाचाही फोटो टाका, बाकीचे ओळखायला मदत करतात. २००८ मध्ये बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर प्रकल्प म्हणून हे सुरू केलं होतं.

आणि हे काहीच नको असेल तर निदान एवढं करा: उद्या जो आवाज तुम्हाला त्रास देतोय, तो कोणाचा आहे ते एकदा बाहेर डोकावून बघा.

आता हे रेकॉर्ड करतोय तेव्हाही मागे टुकटुक चालू आहे. एडिटिंगमध्ये मुद्दाम काढली नाही, हेडफोन लावलेत तर ऐकू येईल. आजच्या यादीत तांबट १.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत, तुमच्या खिडकीतून काय दिसलं ते नक्की कळवा. घुबड सोडून!