घोड्याची सुटका आणि त्यानंतर

मुंबईत घोड्यांनी ओढलेली पहिली ट्राम ९ मे १८७४ रोजी धावली. १ ऑगस्ट १९०५ रोजी ती सेवा बंद झाली, त्या वेळी कंपनीच्या तबेल्यांत १,३६० घोडे होते. पुढे ११० वर्षांनी, ८ जून २०१५ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या फेरफटक्यासाठी चालविल्या जाणाऱ्या ‘व्हिक्टोरिया’ घोडागाड्या बेकायदेशीर ठरविल्या आणि वर्षभरात त्या बंद करण्याचा आदेश दिला. या धंद्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ७०० कुटुंबांच्या पुनर्वसनाची योजना आखण्यासही शासनास सांगण्यात आले. मार्च २०२१ मध्ये त्याच घाटाच्या, परंतु विजेवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या. गाडीला यंत्र बसविता येते, चालकाला दुसरा धंदा शोधता येतो. घोड्याचे मात्र तसे नाही. नीट निगा राखल्यास तो पंचवीस ते तीस वर्षे जगतो, आणि काम संपले म्हणून त्याची भूक संपत नाही. म्हणूनच घोड्याला जुवातून सोडविले, की त्याच्या सुटकेचे खरे काम सुरू होते.

या कामातील अडचणीची जाणीव जगाला करून दिली ती डॉरथी ब्रुक या इंग्रज महिलेने. १९३० साली ती कैरोला आली, तेव्हा पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सैन्याने विकून टाकलेले घोडे तेथे जड ओझी ओढताना तिला दिसले. तिने १९३१ साली एका इंग्रजी वृत्तपत्रात पत्र लिहून मदत मागितली आणि जमलेल्या पैशांतून तीन वर्षांत सुमारे ५,००० घोडे विकत घेतले. त्यांतील बहुतेक इतके म्हातारे आणि जर्जर झाले होते, की त्यांना वेदनारहित मरण देण्यावाचून गत्यंतर नव्हते. परंतु जे घोडे अजून राबत होते त्यांचे काय, या प्रश्नातून १९३४ साली कैरोत मोफत उपचार करणारे रुग्णालय उभे राहिले.

आपल्याकडे या कार्याला निराळी परंपरा आहे. मुंबईचे पांजरपोळ १८३४ सालचे असून प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारी तेथील संस्था १८७४ साली स्थापन झाली. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यान्वये न्यायाधीश छळ झालेल्या जनावरास पांजरपोळात वा रुग्णालयात पाठवू शकतो, आणि त्याचा खर्च मालकाकडून वसूल करता येतो. १९६५ च्या नियमांनी काटेरी लगामास मनाई केली आहे, तसेच जनावराकडून दिवसाकाठी नऊ तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही.

संस्थेत आणलेला घोडा प्रथम इतर घोड्यांपासून दूर बांधतात. त्याला संसर्गजन्य रोग असण्याचा संभव असतो, आणि त्यांत ग्लँडर्स हा सर्वांत भयंकर होय. तो माणसालाही होऊ शकतो. रक्ताच्या तपासणीतून हा रोग निश्चित झाल्यास कायद्यानुसार घोड्याला मारावेच लागते. तपासणीत घोडा निर्दोष ठरला, म्हणजे त्याच्या अंगावरचे मांस मोजण्याकडे लक्ष दिले जाते. यासाठी १९८३ साली अमेरिकेतील हेनेके या शास्त्रज्ञाने एक ते नऊ अशी श्रेणी ठरविली. मान, बरगड्या, पाठ आणि शेपटीचे मूळ चाचपून ती ठरवितात. एक म्हणजे केवळ हाडांचा सापळा, तर नऊ म्हणजे अतिलठ्ठपणा.

उपाशी घोडा पाहून त्याच्यापुढे चंदीची पाटी भरून ठेवावी, असे कोणाही दयाळू माणसाला वाटेल. परंतु अशा दयेनेच घोडा दगावू शकतो. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर दाणा मिळाला, तर रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झपाट्याने घटतात. हृदय आणि स्नायू दुबळे होतात, आणि घोडा काही दिवसांतच मरू शकतो. शिवाय घोड्याला ओकारी येत नाही, त्यामुळे पोटात गेलेले अन्न बाहेर टाकण्याचा मार्गही त्याला नसतो. म्हणून आरंभी दर चार तासांनी सुमारे अर्धा किलो वाळलेला लसूणघास देतात आणि दहा दिवसांत हे प्रमाण हळूहळू वाढवितात. पूर्ववत अंग भरण्यास मात्र कित्येक महिने लागतात.

याच काळात दुरुस्तीची इतर कामे चालतात. घोड्याचे दात झिजत आणि वर सरकत राहतात. त्यांच्या धारदार कडा कानसीने घासल्या नाहीत, तर त्याला चावता येत नाही. धनुर्वाताचा धोका घोड्याला विशेष असल्याने त्याची लस टोचतात. साजाने पडलेल्या जखमा भरून येतात, परंतु खुरांना अधिक वेळ लागतो. खूर महिन्याला साधारण आठ ते दहा मिलिमीटर वाढतो. बिघडलेला खूर संपूर्ण नवा होण्यास नऊ महिने ते वर्षभर जाते, आणि तोवर नालबंदाला दर सहा-आठ आठवड्यांनी त्याला आकार द्यावा लागतो.

शरीरापाठोपाठ मनाची पाळी येते. चाबकाची सवय झालेला घोडा हात उचलताच मान मागे घेतो. खरारा करणे, पाय उचलू देणे, दोरीने चालविणे या साध्या गोष्टी त्याला ठराविक वेळी, त्याच माणसाकडून, न ओरडता शिकवाव्या लागतात. घोडा कळपाचा प्राणी असल्यामुळे त्याला सोबत मिळेल अशी काळजी घेतात. त्यानंतरच तो स्वारीस योग्य आहे, की केवळ सोबतीस, याचा निर्णय केला जातो.

यापुढचा टप्पा म्हणजे नवे घर. आडा कोल हिने १९२७ साली इंग्लंडमध्ये स्थापन केलेली आणि आज ‘वर्ल्ड हॉर्स वेल्फेअर’ या नावाने ओळखली जाणारी संस्था घोडा विकत नाही, तर सांभाळण्यासाठी देते. घोड्याची मालकी संस्थेकडेच राहते. घेणाऱ्याची जागा, अनुभव आणि ऐपत आधी पाहिली जाते. पुढेही संस्थेचे अधिकारी भेट देत राहतात. त्याची पैदास करण्यास मनाई असते, आणि परिस्थिती पालटल्यास घोडा संस्थेकडे परत येतो. या अटी कठोर वाटतील, परंतु त्या नसत्या तर बरा झालेला घोडा पुन्हा बाजारात विकला जाऊन ओझ्याला जुंपला गेला असता.

पांजरपोळाची परंपरा जनावराला मरेपर्यंत आश्रय देण्याची आहे, आणि ती थोर होय. तथापि प्रत्येक जागा कायमची भरली, तर उद्या येणाऱ्या घोड्यासाठी दार बंद होते. नव्या घरी गेलेला प्रत्येक घोडा दुसऱ्यासाठी एक जागा मोकळी करतो, हा या पद्धतीचा गाभा होय. भारतात मात्र काम न करणारा घोडा पोसू शकणारी घरे थोडी आहेत. जो टांगेवाला वा वीटभट्टीवरील मजूर घोड्याच्या श्रमावर स्वतःचे पोट भरतो, त्याच्याकडील जनावर हिरावून घेतल्यास उपाशी कुटुंबांत एकाची भर पडते. म्हणून त्याच घोड्यावर जागेवरच उपचार करणे, मालकाला साज, नाल आणि पाणी यांचे महत्त्व पटविणे, हे काम सुटकेइतकेच मोलाचे ठरते. आजच ज्याची निगा राखली गेली, त्या घोड्याला उद्या सोडविण्याची पाळीच येत नाही.