रायफलच्या नळीला आतून क्रोम का लावतात? पाऊस, वाळू आणि बर्फात बंदूक टिकवणारा एक पातळ थर

पलूसच्या रस्त्याकडेला काम करणारा एखादा जेसीबी दिसला, तर त्याच्या जॅकचा दांडा जरा निरखून बघा. बाकीचं मशीन चिखलानं माखलेलं असतं, रंग उडालेला असतो, कडांना गंज चढलेला असतो. तो दांडा मात्र आरशासारखा चमकत असतो.

ही चमक हौसेसाठी नाही. त्या दांड्यावर हार्ड क्रोमचा थर दिलेला असतो. माती, पाणी आणि सततचं घासणं तो थर सोसतो, म्हणून आतलं पोलाद टिकतं.

अगदी हाच उपाय सैनिकाच्या रायफलीतही असतो. फक्त तिथे क्रोम बाहेरून दिसत नाही, कारण तो नळीच्या आत असतो. सातारा-सांगलीतल्या कितीतरी घरांतला माणूस सैन्यात आहे. कधी सियाचीनमध्ये, कधी राजस्थानच्या वाळूत, तर कधी ईशान्येच्या पावसात त्याची ड्यूटी लागते. तिथे हा थर काय करतो आणि काय करू शकत नाही, ते समजून घेऊया.

गोळी सुटते तेव्हा नळीत काय होतं?

घोडा दाबला की काडतुसातली दारू क्षणार्धात पेटते. जळत्या वायूचं तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या पुढे जातं आणि दाब आपल्या भोवतीच्या हवेच्या काही हजार पट होतो. या वायूच्या रेट्यानं गोळी नळीतल्या पिळदार चरांना घासत बाहेर पडते.

हे सगळं एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतं. पण शेकडो, हजारो गोळ्या झाडल्या की नळीचं पोलाद आतून झिजायला लागतं. सगळ्यात जास्त झीज काडतूस बसतं त्या जागेच्या, म्हणजे चेंबरच्या, लगेच पुढे होते. चर झिजले की गोळीला नीट फिरकी मिळत नाही आणि नेम चुकतो.

क्रोम इथे तीन प्रकारे कामाला येतो. तो पोलादापेक्षा कठीण आहे. तो साधारण १,९०० अंशांना वितळतो, तर पोलाद १,५०० च्या आसपासच वितळतं. आणि तो साध्या पोलादासारखा गंजत नाही. हा थर जेमतेम १० ते २५ मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो.

क्रोम नव्हता तेव्हा काय करायचे?

पलूसजवळच्या कुंडल परिसरात १९४० च्या दशकात प्रतिसरकारची चळवळ जोरात होती. त्या काळात इंग्रज सरकारच्या फौजेकडे .३०३ रायफल होती. तिच्या नळीत क्रोम नव्हता.

तेव्हाच्या काडतुसाच्या बुडातल्या टोपीत असं रसायन असे, की गोळी झाडल्यावर नळीत मिठासारखा क्षार उरायचा. मीठ जसं पावसाळ्यात पाणी सोडतं, तसा हा क्षार हवेतली ओल ओढून घ्यायचा आणि नळी आतून गंजायची. हा क्षार तेलात विरघळत नाही. म्हणून गोळीबारानंतर नळीत उकळतं पाणी ओतून ती धुवायची आणि मग कोरडी करून तेल लावायचं, अशी शिस्त होती.

दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्य पॅसिफिकच्या दमट बेटांवर लढत होतं. त्यांच्या टाइप ९९ रायफलीच्या नळीला आतून क्रोम होता. पुढे सोव्हिएत संघानं एके-४७ ची नळी आणि चेंबर, दोन्हींना क्रोम दिला. चिखल-पाण्यातही चालणारी रायफल हे तिचं नाव होण्यामागे हेही एक कारण आहे.

व्हिएतनाममधला महागडा धडा

१९६० च्या दशकात अमेरिकी सैनिक नवी एम-१६ रायफल घेऊन व्हिएतनामच्या जंगलात उतरले. या रायफलीच्या चेंबरला क्रोम नव्हता. काडतुसातली दारू बदलली गेली होती आणि तिची राख जास्त साचत होती. त्यातच या रायफलीला फारशी साफसफाई लागत नाही असा समज पसरला होता आणि अनेकांना सफाईचं साहित्यही पुरेसं मिळालं नव्हतं.

दमट हवेत चेंबर गंजलं. त्यावर बारीक खड्डे पडले आणि रिकामी काडतुसं त्यात अडकून बसू लागली. ऐन चकमकीत रायफली बंद पडल्या आणि सैनिकांचे जीव गेले. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीनं याची चौकशी केली. त्यानंतर आधी चेंबरला आणि पुढे संपूर्ण नळीला क्रोम दिला गेला. सोबत सफाईचं साहित्य आणि प्रशिक्षणही आलं.

आपल्या इन्सासचं काय?

इन्सास रायफलीची रचना पुण्याच्या 'एआरडीई' या संरक्षण संशोधन संस्थेत झाली. तिच्या नळीलाही आतून क्रोम आहे. १९९९ च्या कारगिल युद्धात ही रायफल आपल्या जवानांच्या हातात होती.

तिथे तक्रारी आल्या त्या वेगळ्याच. कडाक्याच्या थंडीत तिची प्लास्टिकची मॅगझिन तडकत होती. म्हणजे नळीत क्रोम असूनही रायफल दगा देऊ शकत होती. क्रोम फक्त नळी आणि चेंबर सांभाळतो. मॅगझिन, स्प्रिंगा, थंडीत घट्ट होणारं तेल, फटीत शिरलेली वाळू यांच्यावर त्याचा काही इलाज नाही.

बर्फाळ भागात आणखी एक धोका असतो. गोठलेली रायफल उबदार बंकरमध्ये आणली की तिच्यावर दव धरतं, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर धरतं तसंच. ती तशीच पुन्हा बाहेर नेली की त्या पाण्याचा बर्फ होतो आणि आतले भाग जाम होतात.

क्रोमच्या उणिवा

हार्ड क्रोमच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असतात. सलग गोळीबारात नळी तापली की गरम वायू या भेगांतून खालच्या पोलादापर्यंत पोहोचतो. हळूहळू थराचे टवके उडतात आणि तिथून झीज झपाट्यानं वाढते.

थर सगळीकडे अगदी सारखा बसवणंही अवघड असतं. म्हणून नेमबाजी स्पर्धेच्या रायफलींच्या नळ्यांना बहुधा क्रोम देत नाहीत. तिथे टिकाऊपणापेक्षा नेम महत्त्वाचा असतो.

शिवाय हा थर ज्या द्रावणातून चढवतात, त्यातला क्रोमियमचा प्रकार कर्करोगाला कारण ठरतो. त्यामुळे कामगारांची सुरक्षा आणि सांडपाण्याची विल्हेवाट यात जराही ढिलाई चालत नाही. आता काही नळ्यांवर थर न चढवता पोलादाच्या पृष्ठभागातच नायट्रोजन मुरवून तो कठीण केला जातो.

मग साफसफाई करायची की नाही?

करायचीच. क्रोम असलेली नळीही रोज पुसावी लागते. क्रोममुळे एखाद्या दिवशी सफाई राहिली, तर लगेच घात होत नाही, एवढंच.

जेसीबीचा ऑपरेटर हे चांगलं जाणतो. दांड्यावरच्या क्रोमला एक खोल ओरखडा गेला, की सील फाटतं, तेल गळायला लागतं आणि काम थांबतं. रायफलीचंही तसंच आहे. फरक इतकाच, की तिथे काम थांबलं तर समोर शत्रू असतो.