स्कोअर काय झाला?

मॅचचा स्कोअर तोंडपाठ, स्वतःचा मात्र पत्ता नाही! होम लोनच्या टेबलावर तो कळण्याआधी ही थोडी नेट प्रॅक्टिस…

मॅचच्या दिवशी ऑफिसात काम कमी आणि ‘स्कोअर काय झाला?’ जास्त. कॅन्टीनवाल्यापासून बॉसपर्यंत सगळ्यांना तो हवाच असतो. पण आपल्या प्रत्येकाच्या नावावर आणखी एक स्कोअर चालू असतो. तीन आकडी, ३०० ते ९००च्या मधला. तो विचारा, अर्धं टेबल मोबाइलमध्ये डोकं घालतं. ‘सिबिल ना? अरे, बघायचा राहिलाय बरेच दिवस.’

मग तो कळतो भलत्याच वेळी. समजा, वाकडला किंवा घोडबंदर रोडला टू बीएचके पसंत पडलाय. आईबाबांनी बाल्कनीत उभं राहून हवा कुठून येते तेही बघून घेतलंय. बँकेतला माणूस पॅन नंबर टाकतो, स्क्रीनकडे बघतो आणि खालच्या आवाजात म्हणतो, ‘सर, सिबिल जरा लो दाखवतोय.’ पगार चांगला, कंपनी चांगली, मग गडबड कुठे? तर तीन वर्षांपूर्वी मॉलमध्ये फ्री बॅगेच्या मोहात घेतलेल्या कार्डाचे साडेचार हजार भरायचे राहिलेत, आणि ते कार्ड कपाटात कुठे आहे हेही आठवत नाही.

याची किंमत किती? होम लोनचा दर ठरवताना बऱ्याच बँका स्कोअर बघतात. ५० लाखांचं कर्ज, २० वर्षं. साडेआठ टक्क्यांनी हप्ता येतो साधारण ४३,४०० रुपये आणि नऊ टक्क्यांनी साधारण ४५,०००. अर्ध्या टक्क्यासाठी वीस वर्षांत पावणेचार लाखांहून जास्त गेले. हेसुद्धा कर्ज मिळालं तर!

वाण्याची वही, फक्त डिजिटल

घाबरायचं काही कारण नाही. ‘पत’ हा शब्द आपल्याकडे जुनाच आहे. गल्लीतल्या वाण्याच्या वहीत कोण एक तारखेला उधारी चुकती करतो आणि कोण रस्ता बदलून जातो, हे सगळं लिहिलेलं असायचं. आता ती वही चार कंपन्यांकडे आहे. २००० साली सुरू झालेली सिबिल, म्हणजे आजची ट्रान्सयुनियन सिबिल, त्यातली सगळ्यात जुनी. बाकीच्या तीन एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. पण फोटोकॉपीला आपण झेरॉक्स म्हणतो, तसं सगळ्याच स्कोअरला सिबिल म्हणून मोकळे होतो. चौघींचे आकडे थोडे वेगवेगळे येऊ शकतात, त्यात काळजीसारखं काही नाही.

गंमत म्हणजे या वहीत तुमची एफडी नसते, एसआयपी नसते, सेव्हिंग्ज अकाउंटमधला बॅलन्सही नसतो. पगार वाढला म्हणून स्कोअर वाढत नाही. वहीला एकच प्रश्न पडतो, घेतलेले पैसे वेळेवर परत केले का? प्रत्येक कर्जाच्या आणि कार्डाच्या नावापुढे मागच्या ३६ महिन्यांपर्यंतचे रकाने असतात आणि त्यात ‘डेज पास्ट ड्यू’, म्हणजे किती दिवस उशीर झाला, तो आकडा. शून्य असेल तर उत्तम. ३०, ६०, ९० असे आकडे चढायला लागले की बँकवाल्याच्या कपाळाला आठ्या. म्हणून महिना लाख कमावणाऱ्याचा स्कोअर ६२० आणि तीस हजारवालीचा ७९० असू शकतो. साधारण साडेसातशेच्या वर असला की बँका खूश असतात.

यात आणखी एक गोष्ट लपलेली असते. एज्युकेशन लोन घेताना वडील सहकर्जदार असतात. तुमचा हप्ता चुकला की त्यांच्याही रेकॉर्डवर डाग पडतो. आयुष्यभर कुणाचा एक रुपया न ठेवलेल्या माणसाला रिटायरमेंटनंतर गाडीसाठी कर्ज नाकारलं जातं आणि कारण निघतं चिरंजीवांचा एमबीए! जिगरी दोस्ताला जामीन राहिलात तर तसंच. हप्ते त्यानं बुडवले तरी कर्ज तुमच्या रिपोर्टमध्येही दिसतं.

बिलातली गोड ओळ

क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात. एक ‘टोटल अमाउंट ड्यू’, दुसरा ‘मिनिमम अमाउंट ड्यू’. महिनाअखेरीला नजर आपसूक दुसऱ्यावर जाते. साठ हजारांचं बिल, तीन हजार भरा आणि निवांत राहा. माझ्या मते अख्ख्या बिलात याच्याइतकी फसवी ओळ दुसरी नाही. कारण ती खोटं काही बोलत नाही. मिनिमम भरलं की रेकॉर्डवर उशीर लागत नाही, हे खरंच आहे. पुढचं मात्र ती सांगत नाही.

ढोबळ हिशेब करू. साठ हजारांतले तीन हजार भरले, उरले ५७,०००. दरमहा साडेतीन टक्के व्याज म्हणजे १,९९५ रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, आणखी ३५९. पुढच्या महिन्यात उभे राहतात ५९,३५४. तुम्ही तीन हजार दिलेत आणि कर्ज कमी झालं फक्त ६४६ रुपयांनी! प्रत्यक्षात व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं, म्हणजे हिशेब याहून वाईट. शिवाय जुनी बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीवरचे बिनव्याजी दिवसही गेले. काल घेतलेल्या कॉफीवर आजपासून व्याज.

साडेतीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण वर्षाचे ते ४२ टक्के होतात. ३० टक्क्यांच्या वरचं व्याज अनुचित आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये म्हटलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला. तेव्हा या बाबतीत कुणी वाचवायला येईल, ही आशा नको.

आणि प्लीज, ऑटो-डेबिट लावताना एकदा नीट बघा. ‘टोटल’ की ‘मिनिमम’ असं विचारलेलं असतं. कित्येक जण घाईत मिनिममवर टिक करतात आणि वर्षभर ‘माझं तर ऑटो-पे आहे’ म्हणून खुशीत असतात.

‘सेटल’ झालं म्हणजे संपलं?

बाकी तुंबली की फोन सुरू होतात. एक दिवस फोनवरचा आवाज अचानक मधाळ होतो. ‘सर, ऐंशी हजारांचे पस्तीस भरा, विषय क्लोज.’ दमलेला माणूस लगेच हो म्हणतो. पण रिपोर्टमध्ये त्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ नाही, ‘सेटल्ड’ असं लागतं. म्हणजे ‘यानं पूर्ण पैसे दिले नाहीत, आम्हीच तडजोड केली.’ पुढची बँक ते वाचते आणि फाइल बाजूला ठेवते. नोकरी गेलीय, घरात आजारपण आहे, दुसरा मार्गच नाही, अशा वेळी सेटलमेंट घ्यावी, त्यात लाज कसली? पण थोडी मुदत मागून, हप्ते पाडून पूर्ण फेडता येत असेल तर तेच करा. आधीच सेटल केलं असेल, तर हातात पैसे आल्यावर उरलेली रक्कम भरण्याची तयारी बँकेला लेखी कळवा. बऱ्याच बँका तयार होतात. मग नो ड्यूज सर्टिफिकेट घ्यायचं आणि खातं ‘क्लोज्ड’ दाखवायला सांगायचं.

आता दुरुस्ती

पहिलं काम, चारही कंपन्यांकडून रिपोर्ट काढा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०१७पासून प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. स्वतःचा रिपोर्ट बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही, ही भीती डोक्यातून काढून टाका. कमी होतो तो एका महिन्यात पाच बँकांकडे अर्ज टाकल्यानं. एकानं नाही म्हटलं म्हणून लगेच दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे धावलात की वहीत दिसतं, ‘गडी पैशासाठी वणवण फिरतोय.’

रिपोर्ट आकड्यासाठी नाही, ओळींसाठी वाचा. न घेतलेलं कर्ज, फिटूनही चालू दिसणारं खातं, चुकीचा पॅन किंवा जन्मतारीख, असं काहीही सापडू शकतं. फोनवरच्या ॲपमधून कधीतरी घेतलेलं पाच हजारांचं कर्ज किंवा ‘आत्ता घ्या, नंतर भरा’वाली खरेदीही इथे येते. २०२२च्या डिजिटल कर्जांच्या नियमांनी तीही कळवणं बंधनकारक केलंय.

मग थकलेलं आधी भरा. चालू हप्ते वेळेवर गेलेच पाहिजेत, उरलेला पैसा सगळ्यात महाग व्याजावर, म्हणजे बहुतेक वेळा कार्डावर. रेकॉर्ड अगदीच बिघडलं नसेल तर पर्सनल लोन कार्डाच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी दरानं मिळतं. त्यातून कार्ड फेडणं शहाणपणाचं आहे, पण एका अटीवर. कार्ड आईच्या कपाटात! नाहीतर सहा महिन्यांनी लोनही असतं आणि कार्डही पुन्हा भरलेलं असतं.

ज्यांना कुणीच कार्ड देत नाही त्यांच्यासाठी एफडीवरचं कार्ड हा मस्त उपाय आहे. पंधरा-वीस हजारांची एफडी ठेवायची, बहुतेक वेळा त्याहून थोड्या कमी लिमिटचं कार्ड मिळतं आणि एफडीवर व्याज चालूच राहतं. त्यावर फोनचं बिल आणि महिन्याचं पेट्रोल, एवढंच. बिल आलं की पूर्ण भरायचं. कंटाळवाणं आहे? आहेच. पण रकान्यात एकेक शून्य असंच जमा होतं. जानेवारी २०२५पासून बँकांना ही माहिती किमान दर पंधरा दिवसांनी कळवावी लागते, त्यामुळे बदल पूर्वीपेक्षा लवकर दिसतो. तरी सहा महिने ते वर्षभराचा धीर हवा. मोठा घोळ असेल तर त्याहून जास्त.

लिमिटचंही भान ठेवा. एक लाखाचं लिमिट असेल तर तीस हजारांच्या आसपास थांबावं, असा सर्वसाधारण सल्ला देतात. नियम नाही, पण दर महिन्याला ९५ हजारांवर जाणारा माणूस काठावर उभा वाटतो. खर्च जास्त होणार असेल तर बिल बनण्याआधीच थोडे पैसे भरून टाका. जुनं, बिनफीचं कार्ड उगाच बंद करू नका. तुमचा इतिहास त्यातच आहे. फी घेणारं, न वापरलेलं असेल तर खुशाल करा. २०२२च्या नियमांप्रमाणे बाकी नसताना सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद झालं नाही, तर बँकेला दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. कार्डावर एटीएममधून कॅश मात्र काढू नका. तिथे बिनव्याजी दिवस नसतातच, वर फीही लागते.

‘नो कॉस्ट ईएमआय’चा फंडा? व्याज असतंच, ते बहुतेक वेळा डिस्काउंटच्या रूपात वजा केलेलं असतं आणि त्यावरचा जीएसटी तुम्ही भरता. झीरो पर्सेंट असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच सांगून ठेवलंय. ड्यू डेट एखाद-दोन दिवसांनी हुकली तर लगेच हातपाय गाळू नका. तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच कार्ड कंपनी तो कळवू शकते आणि दंड लावू शकते. चौथ्या दिवशी मात्र दंड मूळ ड्यू डेटपासून मोजतात.

शेवटी ते ‘सिबिल क्लिअर करून देतो, आठ दिवसांत ८००’वाले. वहीतली खरी ओळ पुसायचा अधिकार कुणालाच नाही, आणि चुकीची ओळ तुम्ही स्वतः फुकटात दुरुस्त करून घेऊ शकता. क्रेडिट कंपनीच्या साइटवर तक्रार टाका, सोबत बँकेचं नो ड्यूज सर्टिफिकेट जोडा आणि तक्रारीचा नंबर जपून ठेवा. एप्रिल २०२४पासून ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. माहिती दुरुस्त करून पाठवायला बँकेनं २१ दिवसांहून जास्त घेतले असतील तर ती बँकेकडून, नाहीतर क्रेडिट कंपनीकडून. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे ऑनलाइन जाता येतं. तिथेही फी नाही आणि एजंटही लागत नाही.