पावडरचा वास

आषाढ वद्य एकादशीला, परतवारीला, पंढरीहून परतलेले वारकरी नामदेवरायांच्या जन्मगावी, हिंगोलीजवळच्या नरसीला येतात. कयाधू नदी गढूळ असते आणि पावसाने साथ दिली असेल तर शिवारातल्या विहिरी वरपर्यंत आलेल्या असतात. मारवाडातल्या विहिरीचं खोल गेलेलं पाणी नामदेवांच्या हाकेला धावून काठोकाठ आलं, ही कथा वारकऱ्यांच्या घरात लेकरांनाही ठाऊक. तहानेल्या माणसाला तुडुंब विहीर म्हणजे देवच भेटला. गावच्या जलसुरक्षकाला मात्र तीच विहीर धास्ती घालते.

कारण ‘पाणी जमिनीतून गाळून येतं’ हा आपल्याकडचा सगळ्यांत पक्का समज. गाळून येतं ते वाळूतून. हिंगोलीकडे वर माती-मुरूम आणि खाली काळा पाषाण. त्यात पाणी वाहतं ते भेगांमधून, आणि भेग म्हणजे काही गाळणी नव्हे. उकिरड्याचं, शोषखड्ड्याचं पाणी एखाद्या झडीत थेट विहिरीला येऊन मिळू शकतं. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून किमान 15 मीटर दूर हवा म्हणतात. भेगाळ खडकात तेवढ्यावरही निर्धास्त राहू नये.

दुसरा समज, ‘नितळ आहे, गोड आहे, मग चांगलंच.’ 1854 साली लंडनमध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पंपामुळे कॉलरा पसरला. तिथलं पाणी चवीला आवडतं म्हणून दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक बाई ते बाटलीत भरून मागवीत असे. ती त्याच कॉलऱ्यात गेली. तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, जंतू मरतीलच असं नाही. टीडीएसचं मीटर क्षार सांगतं, जंतूंबद्दल अवाक्षर काढत नाही. उकळी मिनिटभर फुटू दिली की जंतू मरतात, पण नायट्रेट आणि फ्लोराइड तसंच राहतं.

आता खरी तक्रार. “आज पाण्याला पावडरचा वास येतोय, जास्त पडली वाटतं.” ही पावडर म्हणजे टीसीएल, ब्लिचिंग पावडर. हजार लिटरला ताजी पावडर साधारण 5 ग्रॅम. विहीर 3 मीटर रुंद आणि पाणी 4 मीटर खोल असेल, तर आत सुमारे 28 हजार लिटर पाणी. म्हणजे 140 ग्रॅम पावडर. पण पाणी चढलं की हिशेबही बदलायला हवा, आणि नेमकं हेच होत नाही. उन्हाळ्यातलं माप आषाढातही चालू राहतं. शिवाय उघड्या, सर्दावलेल्या पिशवीतला क्लोरीन उडून जातो. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर कामाची नाही.

काठावरून मूठभर भुरभुरवणं हाही निव्वळ देखावा. पावडर थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवायची, बादली भरून ढवळायची, दहा मिनिटं थांबायचं. चुना तळाला बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोराने विहिरीत सोडायची आणि वर-खाली हेलकावायची. चुना बाहेर फेकायचा, नाहीतर पाणी जास्तच जड होतं. त्यानंतर निदान अर्धा तास कुणी उपसायचं नाही. रात्री टाकलेली उत्तम.

एवढं करून पाण्यात दर लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेची वरची मर्यादा 5 मिलिग्रॅम, म्हणजे पंचवीसपट. नाकाला जाणवणारा हलका वास या दोन टोकांमध्येच बसतो. मला विचाराल तर पावसाळ्यात वास न येणाऱ्या पाण्याची चौकशी आधी करावी. जारच्या पाण्यालाही वास नसतो, कारण आरओ यंत्राच्या आधीचा कोळसा क्लोरीन शोषून घेतो. मग त्याच जारमध्ये कुणी पेला बुडवला, तर राखणीला काहीच उरत नाही.

तपासणी सोपी आहे. काचेच्या नळीत पाणी, त्यात ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोल्युडिन द्रावणाचे, चार-पाच थेंब. पिवळसर झालं तर क्लोरीन आहे. छटा शेजारच्या रंगपट्टीशी लगेच ताडायची. मात्र हा नमुना टाकीखालच्या नळाचा घेतला तर तो जवळजवळ नेहमीच पिवळा होणार. घ्यायचा तो वस्तीच्या टोकाला, शेवटच्या घरी. तिथे नळीतलं पाणी रंगहीनच राहिलं, तर आणखी पावडर ओतण्याआधी मधली पाइपलाइन चालत जाऊन बघावी. बहुधा ती कुठल्या तरी गटारातून गेलेली असते.