राजाच्या बरगडीतली वाइन

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात २०१२ साली एका कार पार्कच्या खाली सांगाडा सापडला. तो होता राजा तिसरा रिचर्ड, १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत वयाच्या ३२व्या वर्षी मारला गेलेला. पाठीचा वाकलेला कणा आणि कवटीवरचे घाव कुणालाही दिसले असते. पण ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेच्या अँजेला लॅम्ब आणि सहकाऱ्यांनी त्याच हाडांतून राजाचं खाणंपिणं शोधून काढलं!

हे शक्य होतं, कारण जिवंतपणी हाड सतत नव्यानं घडत असतं. बरगडी काही वर्षांतच नवी होते, मांडीचं हाड फार सावकाश, आणि दातांवरचं एनॅमल लहानपणी एकदा घडलं की बदलत नाही. म्हणजे एकाच देहात बालपण, तारुण्य आणि शेवटची वर्षं शेजारी शेजारी नांदतात.

ही वर्षं वाचायची अणूंच्या वजनावरून. कार्बनचे काही अणू किंचित जड असतात. ज्वारी, बाजरी, मका यांच्यात ते गहू-तांदळापेक्षा जास्त असतात, त्यामुळे जन्मभर भाकरी खाणाऱ्याचं हाड भात खाणाऱ्याच्या हाडापेक्षा वेगळं निघतं. जड नायट्रोजन गवतापेक्षा गाईत जास्त, गाय खाणाऱ्यात आणखी जास्त. नदीतले मासे खाणाऱ्यात तर खूपच. ऑक्सिजन येतो मुख्यतः पिण्याच्या पाण्यातून. समुद्रावरून आत सरकणारे ढग जड ऑक्सिजनचं पाणी आधी टाकत जातात, म्हणून प्रत्येक प्रदेशाचं पाणी, तिथल्या ऊन-पावसाप्रमाणे, निराळं असतं.

रिचर्ड जन्मला पूर्व इंग्लंडमध्ये, फॉदरिंगे इथं. दात सांगतात की सातव्या वर्षाच्या सुमारास तो जास्त पावसाच्या पश्चिम भागात राहत होता. मांडीच्या हाडात सरदारी थाटाचा आहार दिसतो. बरगडीत त्याहून वरचढ, गोड्या पाण्यातले मासे आणि मेजवान्यांतले रानपक्षी असावेत असा. खरं नवल पुढं आहे. बरगडीतला ऑक्सिजनही जड झाला होता, आणि त्या वर्षांत तसं पाणी मिळेल अशा मुलखात राजा राहायला गेलेला नव्हता. मग हे आलं कुठून?

संशोधकांचं उत्तर: वाइन. वेलीच्या पानांतून हलकं पाणी आधी उडून जातं, जड मागं राहतं, ते द्राक्षात उतरतं. रिचर्ड गादीवर जेमतेम २६ महिने होता. तेवढ्यात त्याचा पेला बरगडीत उतरला!

हाडातल्या ऑक्सिजनवरून जुनं हवामान शोधणाऱ्यांसाठी मात्र हा सावधगिरीचा इशारा आहे. हाडातला ऑक्सिजन पावसाचाच असेल असं धरता येत नाही; तो पेल्यातलाही असू शकतो. अशा वेळी त्याच काळातल्या जनावरांचे दात उपयोगी पडतात. गाई-मेंढ्या वाइन पीत नाहीत, आणि त्यांच्या एनॅमलच्या थरांत ऋतूंचे चढउतारसुद्धा सापडतात.